सीलबंद डब्यांतले नऊ रुपये

१

प्रभाकरराव गुंडावारांना इतरांच्या चुका सापडल्या की फार बरं वाटे. यात त्यांचा स्वभाव वाईट होता असं नाही, पण तीस वर्षं ज्याने हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवली, त्याचं पोटच मुळी दुसऱ्याच्या चुकीवर भरलेलं असतं. कास्तकार म्हणे माल एक नंबर, व्यापारी म्हणे तीन नंबर, आणि प्रभाकरराव चिमूटभर कापूस उजेडात धरून म्हणत, "दोन." मग त्यावर कोणी बोलत नसे. निवृत्त झाल्यावर तीच नजर जुन्या नाण्यांकडे वळली, आणि वर्ध्याच्या नाणेप्रेमी मंडळाला फुकटचा पारखी मिळाला.

मंडळ दरवर्षी मार्चमध्ये लिलाव करी. त्यात येणारं प्रत्येक नाणं आधी आठ दिवस प्रभाकररावांच्या घरी मुक्कामाला असे. ते तपासत, वजन करत, वहीत लिहीत आणि यादीखाली सही करत. सही असली की मुंबईचा, इंदूरचा माणूस नाणं न पाहता फोनवरून बोली लावायचा. "गुंडावारांनी पाहिलं आहे ना? झालं तर मग." एवढीच त्यांची कमाई होती, आणि ते तिला फार जपत.

त्यातच या दोन-चार वर्षांत डब्यांची साथ आली होती. नाणं परदेशात पाठवायचं. तिथली कंपनी ते तपासून प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत कायमचं सीलबंद करते आणि वर लेबल लावते: कुठलं साल, कुठली टांकसाळ, आणि झीज पाहून सत्तरपैकी किती गुण. डबी फोडल्याशिवाय नाणं निघत नाही. लोक म्हणत, आता पारख्याचं काय काम? प्रभाकरराव हसत. लेबल लावणारी माणसंच ना? मागच्याच साली त्यांनी कलकत्त्याचा रुपया मुंबईचा म्हणून आलेला पकडला होता, आणि राणीच्या डबीत राजा निघाला होता. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा घेतला.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये, एका शनिवारी सकाळी ओमप्रकाश आला. हा हिंगणघाटचाच, किराणा आणि जुन्या वस्तूंचा व्यापारी. आल्या आल्या त्याने टेबलावर नऊ डब्या मांडल्या.

"देखो प्रभाकररावजी. नऊचे नऊ डुक्करवाले."

प्रभाकररावांनी चष्मा पुसला. एकोणीसशे अकराचा रुपया. त्या साली राजाच्या छातीवरच्या साखळीत जो इवलासा हत्ती कोरला, तो हुबेहूब डुकरासारखा दिसला, लोक बिथरले, आणि सरकारने रुपया मागे घेऊन वितळवला. बाजारात निसटले तेवढेच उरले. एखादा मिळाला तरी माणूस दहा जणांना दाखवतो. इथे नऊ होते, एकाच घरचे.

"कुठचे रे?"

"हिंगणीकडचे. जंगलकाठच्या टोलीवरून. एका पोरानं आणून देल्ले. हलके घासलेले हायेत, पन नंबर चांगले आले." आणि जाता जाता म्हणाला, "तुमची सही झाली का समजा माही दुकान दुमजली झाली. केळझरच्या गनपतीले नारळ बोललो हाओ."

२

शनिवारी दुपारी नेहमीचं काम झालं. सून मयुरीने एकेक डबी स्कॅनरवर ठेवून मोठे फोटो काढले. मुलगा निकेश नागपूरला नोकरीला, त्यामुळे कॉम्प्युटरचं खातं तिच्याकडे. प्रभाकररावांनी भिंग लावून लेबल आणि रुपया ताडून पाहिला. एक नंबरच्या डबीला पंचेचाळीस गुण, बरोबर. चार नंबरला चाळीस, बरोबर. नऊ नंबरला अठ्ठावन्न, म्हणजे जवळजवळ कोरा, तोही बरोबर. सोनाराच्या काट्यावर डबीसकट वजन करून त्यांनी मिलिग्रॅमपर्यंतचे आकडे वहीत टाकले, म्हणजे पुढे कोणी डब्या बदलल्या अशी शंका घेऊ नये. मग नऊही डब्या मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवल्या आणि किल्ली कडदोऱ्याला लावली.

सोमवारी यादीचा मजकूर लिहायला त्यांनी पुन्हा डब्या काढल्या. तीन नंबर हातात घेतला आणि थांबले. राजाच्या छातीवरच्या हत्तीला पाय नव्हते.

लेबलावर होतं पन्नास. पन्नास गुणांच्या रुपयावर हत्तीचे चारही पाय दिसायला हवेत. हा रुपया फार तर चाळीसचा.

आता प्रभाकररावांना चिंता वाटायला हवी होती. पण त्यांना आनंद झाला. कंपनीवाल्यांनी एकाच दिवशी नऊ सारखे रुपये तपासले, आणि भरताना ह्याचा त्याच्या डबीत घातला! एवढी सरळ गोष्ट शनिवारी आपल्या नजरेतून सुटली याची थोडी लाज वाटली, पण चूक सापडली ती सापडलीच. त्यांनी नवीन यादी केली. तीनचा रुपया खरा चारचा, चारचा खरा सातचा, असं करत रुपये आणि लेबलं पुन्हा जुळवली. मंगळवारी सकाळी यादी पक्की करायला बसले, तर जुळवलेलंही जुळेना. तीनच्या रुपयाला आता चारचं लेबलही जास्त होत होतं.

"मयुरी, पोरी, इकडे ये. हे पाह्य बरं जरा."

मयुरीने डबी उजेडात धरली, मग कॉम्प्युटरवर शनिवारचा फोटो उघडला. बराच वेळ ती एकदा पडद्याकडे, एकदा डबीकडे पाहत राहिली.

"मामाजी, फोटोत हत्ती हाय."

"हाय ना?"

"इथं नाई."

३

प्रभाकरराव भुताखेताचं काही मानत नसत, आणि न मानणाऱ्या माणसाला जेवढ्या वाटा सुचतात तेवढ्या सगळ्या ते फिरून आले. बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू धरतो आहे, पण अजून दोन वर्षं त्याचं नाव काढू नका. मग त्यांनी हवेचा विचार केला. मार्च लागला होता, वणा नदीच्या काठावरून दुपारी गरम वारा यायला लागला होता. पण हवेने चांदी काळी पडते, झिजत नाही. मग प्लॅस्टिकचा विचार केला. नऊही डब्यांचे जोड भिंगाखाली धरून नखाने फिरवून पाहिले. कुठे फट नव्हती. आत चांदीची एक कणीही सांडलेली नव्हती.

शेवटी त्यांनी काटा काढला. मनातून त्यांना हे आधीच करायचं होतं, आणि म्हणूनच ते पुढे ढकललं होतं.

नऊच्या नऊ डब्यांचं वजन उतरलं होतं. एखादीचं पाच मिलिग्रॅम, एखादीचं वीस. चार नंबरची तर गुंजभर हलकी झाली होती. काटा बिघडला म्हणावं तर एक तोळ्याचं माप अचूक येत होतं. म्हणजे बंद डबीतला रुपया झिजत होता, आणि झिजलेली चांदी डबीत नव्हती.

त्यांनी वही मिटली. तसं पाहिलं तर त्यांच्यावर कसलं संकट नव्हतं. सील शाबूत होतं. लेबल कंपनीचं होतं. रविवारच्या लिलावात यादीवर सही केली असती, तर फोनवरच्या कोण्या माणसाने डब्या घेतल्या असत्या आणि महिन्याभराने कंपनीच्या नावाने खडे फोडले असते. पण सही करायची म्हणजे 'मी पाहिलं, लेबल बरोबर आहे' असं लिहून द्यायचं. आणि लेबल चूक आहे म्हणावं, तर त्यांचीच वही, त्यांचेच आकडे, सुनेने काढलेले फोटो ओरडून सांगत होते की शनिवारी सगळं बरोबर होतं आणि त्यानंतर डब्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. किल्ली एकच होती, आणि ती त्यांच्या कमरेला होती.

४

गुरुवारी दिवेलागणीला त्यांना आवाज आला.

मयुरीने देवापाशी निरांजन लावलं आणि ती कणीक मळायला गेली. प्रभाकरराव मधल्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. बाहेर अजून संधिप्रकाश होता, रस्त्यावर पोरं ओरडत होती. आणि त्या सगळ्याखाली, कपाटाच्या आतून, काहीतरी हळूहळू घासल्याचा आवाज येत होता. उंदीर नव्हे, उंदीर थांबून थांबून कुरतडतो. हा आवाज एका लयीत होता, आणि नीट कान दिल्यावर कळलं की तो एक नसून अनेक आहेत. काही सावकाश, काही भरभर. एक तर अगदी हलका, मध्येच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा.

त्यांनी कपाट उघडलं. आवाज थांबला नाही.

चार नंबरची डबी त्यांनी उचलली. प्लॅस्टिक बोटांत बारीक थरथरत होतं. रुपया आपल्या खाचेत घट्ट बसलेला होता, जागचा हलत नव्हता. पण राजाच्या गालावर, बोटाच्या पेराएवढा एक उजळ डाग खाली-वर, खाली-वर सरकत होता. डाग जिथून जाई तिथली काळसर झाक मागे पुसलेली दिसे. प्रभाकररावांनी नीट पाहिलं. तपासणं हा त्यांचा जन्माचा धंदा होता आणि भीतीपेक्षा तो जुना होता. डाग उजवीकडून डावीकडे तिरपा उतरत होता. बाकीच्या डब्यांत उलट तिरपा. नऊ नंबरच्या डबीत डाग सगळ्यांत लहान होता, चिंचोक्याएवढा. तो चार वेळा फिरे आणि दमल्यासारखा थांबे.

पुढे कित्येक दिवस त्यांना आठवत राहिलं ते हे, की पळून जावं असं क्षणभरही वाटलं नाही. कोणाच्या तरी कामात आपण न विचारता डोकावलो, असं वाटलं. एवढी चिकाटी, एवढं निमूट काम त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी पायातल्या स्लीपर काढून बाजूला सारल्या आणि आवाज थांबेपर्यंत अनवाणी उभे राहिले.

पाव तासाने सगळं शांत झालं. स्वयंपाकघरातून मयुरीने विचारलं, "मामाजी, पोळी टाकू का?"

"टाक," ते म्हणाले. मग त्यांनी कपाट बंद करून किल्ली पुन्हा कडदोऱ्याला लावली.

५

शुक्रवारी सकाळी त्यांनी ओमप्रकाशला दुकानात गाठलं आणि रुपये विकणाऱ्या पोराचं नाव विचारलं.

"लखन. आता तं तो बुटीबोरीले कंपनीत लागला. काऊन?" ओमप्रकाशचे डोळे बारीक झाले. "काई गडबड तं नाई ना? डब्या तुमच्याजवळ हायेत, प्रभाकररावजी. जिम्मेदारी तुमची."

"माही हाय," प्रभाकरराव म्हणाले, आणि वर्ध्याच्या गाडीत बसले.

सेलूवरून हिंगणी, आणि हिंगणीवरून पुढे त्या टोलीपर्यंत, जंगलकाठच्या वस्तीपर्यंत, पायी. पळस फुलून गेला होता आणि बोर धरणाकडून पाण्याचा वास येत होता. लखनची आई गंगाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. साठीची, सडपातळ, अंगावर हिरवं लुगडं. प्रभाकररावांनी रुपयांचं नाव काढलं तसं तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"लखन्यानं इकले. मले न इचारता इकले." मग म्हणाली, "बसा ना भाऊ. पानी देतो."

ती पाणी घेऊन आली आणि समोर उकिडवी बसली. प्रभाकररावांनी सरळच विचारलं, त्या रुपयांचं तुम्ही काय करत होता?

"घासत होतो."

"कायच्यासाठी?"

"ते नाई मालूम. सासू करे, तिची सासू करे. साऱ्या गोंडाइची रीत नोहोय ही, आमच्याच घरची हाय. घरातलं मानूस गेलं का मडक्यातला एक रुपया त्याच्या नावानं काढाचा. दिवा लागला का ताटात ठेवून अंगठ्यानं घासाचा. राजाचं तोंड पुसलं का मंग बोरीच्या पान्यात नेऊन सोडाचा." तिने अंगठ्याने सुपाची कड पुसली. "तोंड पुसलं का ते मानूस मंग घरात नाई राह्यत."

"आनि आता? अजूनबी घासता का तुमी? रिकाम्या हातानं?"

वाटेत बसमध्ये त्यांनी हीच आशा धरली होती, की ही बाई इथे बसून काहीतरी करत असेल आणि त्याचा तिथे काहीतरी परिणाम होत असेल. तेही अशक्यच, पण त्याला निदान एक माणूस जबाबदार असता.

गंगाबाईने मान हलवली. "नाई जी. ज्या दिवशी इकले त्या दिवशी ताट धुऊन ठेवलं. रिकाम्या ताटात काय घासू?"

"आधी कोन कोन घासत होतं?"

"मीच. नऊचे नऊ. लखन्या नाई बसत. बाकी कोन उरलं?"

म्हणजे एकच अंगठा. कंपनीने पाहिली ती झीज एकाच अंगठ्याची, सरळ होती. शनिवारच्या फोटोंत नऊही रुपये सारखे सरळ झिजलेले होते. प्रभाकरराव हळूच म्हणाले, "बाई, आता ते नऊ जागी नऊ तऱ्हेनं झिजून राह्यले. चार नंबरचा एक हाय. तो उलटा, डाव्या हातानं घासल्यावानी..."

गंगाबाई एकदम ताठ झाली.

"देवका," ती म्हणाली. "माही ननद. डावखुरी होती."

शेजारच्या घरून कोंबडी ओरडत आली आणि मोहफुलांतून पळत गेली. तिला हाकलायचंही गंगाबाईला सुचलं नाही.

"आनि एक लहान हाय," प्रभाकरराव म्हणाले. "अंगठा एवढाच. थांबून थांबून."

गंगाबाईने पदर तोंडाशी नेला. डोळे कोरडे होते. म्हणाली, "माही नात. स्वीटी. लखन्याची. सहा वर्साची होती, तापात गेली." आणि मग तिने जे विचारलं त्याने प्रभाकरराव आतून हलले. "कितीक उरलं भाऊ तिचं?"

पारख्याला असा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. त्यांनी खरं ते सांगितलं. "बाकीच्यायचं थोडं उरलं. तिचं लय बाकी हाय."

६

रविवारी वर्ध्याच्या मंगल कार्यालयात शंभरेक माणसं होती, वर पंखे गरगरत होते आणि दोन टेलिफोनवर मंडळाची पोरं बोली घ्यायला बसली होती. घरून निघताना मयुरी म्हणाली होती, "मामाजी, खरं ते सांगून टाका न सगळ्यायले. मीबी सांगते. मी पाह्यलं हाय."

"खरं काय सांगू, पोरी?" त्यांनी विचारलं होतं.

एकेचाळीस नंबरला ओमप्रकाशचा लॉट होता. अध्यक्षांनी यादी पुढे सरकवली, पेन दिलं. इंदूरचा माणूस फोनवर ताटकळत होता. सही केली की पाच मिनिटांत डब्या इंदूरला, तिथून कुठे कोण जाणे. कोण्या बंगल्याच्या तिजोरीत ते चिंचोक्याएवढं बोट संध्याकाळी संध्याकाळी चार वेळा फिरणार आणि थांबणार. प्रभाकररावांनी पेन खाली ठेवलं.

"लेबलं चूक हायेत," ते म्हणाले. "या डब्यांतले रुपये लेबलापरमाने नाईत. मी सही करत नाई."

ओमप्रकाश उठून पुढे आला, एक डबी उचलली, आणि तो पाहतच राहिला. राजाचं नाक-डोळा काही उरलं नव्हतं. मग जे व्हायचं ते झालं. वही मागवली. फोटो मागवले. वजनं वाचली. जो तो मागच्या आठवड्यातल्या शनिवारचे आकडे पाहून प्रभाकररावांकडे पाहत होता. ज्यांनी इतकी वर्षं त्यांच्या शब्दावर डोळे मिटून बोली लावली, त्यांनी नजर खाली घातली.

"डब्या खोलून रुपये बदलले यानं!" ओमप्रकाश ओरडला. "मले घासलेले ठिकरे भरून देल्ले! चोर सालं!"

अध्यक्षांनी विचारलं, "प्रभाकरराव, काही बोलायचं आहे का तुम्हाला?"

बोलण्यासारखं खूप होतं, आणि त्यातलं एकही वाक्य या हॉलमध्ये उभं राहिलं नसतं. आपलं नाव जाताना एवढं दुखेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "डब्या माझ्याजवळ होत्या," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाचा दोष नाई. ओमप्रकाशचे नऊ रुपये गेले, त्याची भरपाई मी करतो."

"आनि हे घे तुहे!" ओमप्रकाशने नऊही डब्या त्यांच्या पुढ्यात ढकलल्या. "हे माहे नोहोत! मी याइले वळखतबी नाई!"

मंडळाच्या यादीतून त्यांचं नाव त्याच दिवशी काटलं गेलं. प्रभाकररावांनी डब्या धोतराच्या फडक्यात बांधल्या. दाराशी एक जुना ओळखीचा माणूस उभा होता. तो बाजूला झाला.

७

भरपाईचं निपटायला आठवडा गेला. पुढच्या रविवारी दुपार कलल्यावर ते टोलीवर पोचले. गंगाबाईने ताट घासूनपुसून ठेवलं होतं. तिने विळीच्या पाठीने एकेक डबी फोडली आणि रुपये काढले. प्लॅस्टिकचा नि लेबलांचा ढीग बाजूला पडला.

आठ रुपये दोन्ही बाजूंनी सपाट झाले होते. राजा नाही, साल नाही, काही नाही. नुसत्या पांढऱ्या चकत्या. तिने प्रत्येक हातात घेऊन आपल्या बोलीत काहीतरी म्हटलं. ती भाषा प्रभाकररावांना येत नव्हती, पण नावं तेवढी कळली. त्यात नत्थू होतं, तिचा नवरा. देवका होतं. मग ती ते आठ ओच्यात घेऊन पाण्याकडे गेली आणि रिकाम्या ओच्याने परत आली. चेहरा थकलेला होता, पण सैल झाला होता.

ताटात नववा उरला होता. त्यावर राजा अजून अर्धा होता.

दिवेलागण झाली. गंगाबाईने चिमणी पेटवून ताटापाशी ठेवली. तिने रुपयाकडे हात नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे घेतला.

"भाऊ, तुमी घासा."

"मी? मी कोन, बाई? मी बाहेरचा मानूस."

"म्हनून तं म्हनतो. माह्या हातानं नाई होनार." तिने ताट त्यांच्याकडे सरकवलं. "मी घासतो कमी नं धरून जास्त ठेवतो. चार वर्सं तेच केलं मी. तिले जाऊच देल्लं नाई."

प्रभाकररावांनी रुपया कडांनी धरून उभा केला, राजाची बाजू आपल्याकडे, आणि अंगठा टेकवायला गेले.

"तिकून नाई," गंगाबाई हळूच म्हणाली. "तोंडाकून ती हाय. तुमी मांगून घासा."

त्यांनी रुपया फिरवला. राजाची बाजू चिमणीकडे, पलीकडे गेली. अंगठा मागच्या अक्षरांवर ठेवून ते घासू लागले. चांदी गार होती. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा पलीकडून रुपया किंचित दाबला गेला.

दाब अगदी हलका होता, आणि ऊबदार. तो त्यांच्या अंगठ्याच्या बरोबर समोर येऊन टेकला आणि त्यांच्याबरोबर सरकू लागला. ते वर गेले की वर, खाली आले की खाली. मध्ये फक्त रुपयाएवढी चांदी होती. ताटापलीकडे कोणी नव्हतं, भिंत होती. गंगाबाईने डोळे मिटून घेतले होते. प्रभाकररावांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

आयुष्यात हाती आलेलं प्रत्येक नाणं त्यांनी उलटून पाहिलं होतं. हे त्यांनी उलटून पाहिलं नाही. पलीकडचा अंगठा दमून थांबला की तेही थांबत, आणि तो पुन्हा हलला की पुढे घासू लागत.